राजा मिलिंद शेवटी कोण झाला

बाबा बहारीनला गेले तेव्हा मी मातीत खेळणारा पोर होतो, आणि त्यांनी आम्हाला तिकडे नेलं तेव्हा मला मिसरूड फुटायला लागलं होतं. मधली सगळी वर्षं आई अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये कामाला जायची. सरकी वेगळी होताना उडणारा कापसाचा भुरका तिच्या केसांत, भुवयांत, नाकात जाऊन बसायचा. संध्याकाळी ती आधी दारात उभी राहून पदर झटकायची, मग बराच वेळ खोकायची आणि मग चूल पेटवायची. भाकर ज्वारीची, भाजी अंबाडीची. भाजी नसली की जवसाची चटणी, आणि तीही नसली की तिखट-मीठ. बाबा पत्रं लिहीत नसत, कॅसेट पाठवत. तिकडून कुणी सुट्टीवर आलं की त्याच्या बॅगेतून एक कॅसेट यायची आणि आम्ही ती शेजारच्यांच्या टेपवर ऐकायचो. बाबांच्या आवाजामागे सतत ठोकाठोकी चाललेली असायची. पत्र्यावर हातोडा पडल्यासारखी. मला बरीच वर्षं वाटायचं की बहारीन म्हणजे अशी जागा, जिथे माणसं बोलत असतात आणि कुणीतरी न थांबता पत्रा ठोकत असतं.

तो आवाज तिकडच्या तुबली भागातल्या वर्कशॉपचा होता. बाबा तिथे एसी मेकॅनिक होते. कुवेतचं युद्ध संपलं, त्यांचा हुद्दा थोडा वाढला, आणि एके दिवशी आई आणि मी झिंज नावाच्या वस्तीतल्या एका इमारतीच्या दोन खोल्यांत येऊन पडलो. खाली कोल्ड स्टोअर, म्हणजे आपलं किराणा दुकान, वर आम्ही. खिडक्या कायम बंद. बाहेर ऊन असं की रस्त्यावर माणूस दिसायचा नाही, आणि आत एसीची घरघर अशी की शेजारच्या खोलीतली आई मला हाक मारायची ते ऐकू यायचं नाही. जिनिंगमध्ये बायकांच्या घोळक्यात राहिलेली ती बाई. इथे तिला बोलायला कुणी नव्हतं. ती भाकरी थापताना भाकरीशी बोलायची. ज्वारीचं पीठ मिळायचं नाही, मिळालं तर जुनं, कडवट, मग ती कणकेत थोडं बाजरीचं मिसळून काहीतरी थापायची आणि म्हणायची, "हे काई भाकर नाई झाली, पण खाय." बाबांना खुबूस, तिकडची भट्टीतली रोटी, आवडायला लागला होता. आईला त्याचा राग यायचा. तिला वाटायचं, आपण नव्हतो त्या वर्षांत हा माणूस दुसऱ्या कुणाच्यातरी हातचं खाऊन मोठा झाला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून एकदम इंग्रजी शाळेत बसलो. वर्गात मराठी मुलं होती, पण मी मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची. तुसडेपणानं नव्हे, त्यांना तेच यायचं. त्यातल्या एकाच्या आईनं मला एकदा आडनाव विचारलं. मी सांगितलं. ती "अच्छा" म्हणाली. त्यानंतर त्या घरी मला बोलावणं आलं नाही. घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कायले सांगतं? मिलिंद म्हनाचं नुसतं. मिलिंद त्याइच्यातबी असतात." मला ते पटलं नाही. आडनाव विचारलं तर आडनाव सांगायचं, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. पण दुपारी शाळेतून आल्यापासून रात्री बाबा येईपर्यंत मी खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून बसलेला असायचो, हेही तितकंच खरं. काच गरम असायची. समोर गच्च्यांवर पांढऱ्या पाण्याच्या टाक्या, त्यांच्यामागे मशिदीचा मिनार, आणि बांग झाली की रस्त्यावर जरा पावलं वाजायची. मी त्या पावलांची वाट बघायचो. आता माझ्या घरात माणसांची इतकी ये-जा असते की बायको वैतागते. मी मात्र कुणाला जा म्हणत नाही.

जिन्याच्या पलीकडच्या दारात सिकंदरचाचा राहायचे. रत्नागिरीकडचे, एका मालवाहू कंपनीत कारकून, बायकापोरं गावी. शुक्रवारी मासळी आणली की एक तुकडा आमच्याकडे यायचा. आईला समुद्राची मासळी करता येत नव्हती, चाचा दारातूनच शिकवायचे, "वहिनी, तेल कमी, कोकम जास्त, आणि ढवळायचा नाय. ढवळलात की भुगा." आत कधी आले नाहीत. मला ते "काय राजे, जेवलात?" असं विचारायचे, आणि दिवसातलं माझं मराठी बोलणं बऱ्याचदा तेवढंच असायचं: "हो चाचा."

अकरावीत वर्गीस सर इतिहासाला आले. केरळचे ख्रिश्चन, बुटके, खडूनं कायम पांढरे झालेले. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबले आणि मान वर करून इंग्रजीत म्हणाले, "हे ग्रीक नाव तुला कुणी ठेवलं?" वर्ग हसला. मी उभा राहून सांगितलं, ग्रीक नाही सर, बौद्ध आहे. ते म्हणाले, "दोन्ही आहे. मधल्या सुट्टीत ये."

त्या मधल्या सुट्टीत आणि पुढच्या कितीतरी सुट्ट्यांत, डब्यातली उसळ खात खात, मी माझ्याच नावाची गोष्ट ऐकली. मूळ नाव मेनँड्रोस. अथेन्समध्ये मिलिंद राजाच्या आधी दीडएकशे वर्षं याच नावाचा एक नाटककार होऊन गेला, लोकांना हसवणारा. मग आपल्या पंजाबात राज्य करणारा यवन राजा. एका भिक्षूला त्यानं प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि पाली बोलणाऱ्यांनी त्याचा मिलिंद केला. त्याची नाणी दोन लिप्यांत, एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी; आणि तो मेल्यावर कितीतरी काळ ती भडोचच्या बाजारात हातोहात फिरत होती. त्यानंतर पॅलेस्टाइनकडचा एक मांत्रिक, चर्चनं पाखंडी ठरवलेला. हे सांगताना सर स्वतःच खूश व्हायचे, जणू पाखंडी त्यांच्या नात्यातला होता. पुढे आणखी एक, वकिलीचं शिक्षण घेऊन वकिली न केलेला, उनाडक्या करून कंटाळल्यावर राजदरबाराचा इतिहास लिहायला बसलेला. "एक नाव, बघ," सर म्हणायचे, "हसवणारा, राजा, पाखंडी, इतिहासकार. आणि आता झिंजमध्ये राहणारा तू. माझंही ग्रीकच आहे बरं का. जॉर्जचं झालेलं वर्गीस. अर्थ शेतकरी. बापानं जमीन विकली आणि मला मास्तर केलं."

मला त्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं की मी एकटा नाही. खोलीत तसाच बसलेला असायचो, काच तशीच गरम, पण माझ्यामागे एक लांबलचक रांग उभी असल्यासारखं वाटायचं, सगळे माझ्या नावाचे. चाचांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आणि माझा?" मी म्हटलं, सिकंदर म्हणजे अलेक्झांडर, तोही ग्रीकच. चाचा म्हणाले, "अरे, माझी आई राजापूरची. तिला हा कुणी सांगितला नाय." मग दुसऱ्या दिवसापासून जिन्यात भेटले की, "चला धाकटे राजे, थोरले कामावर निघाले."

आणि मी ठरवून टाकलं की मला कॉलेजात इतिहास शिकायचा. बारावी झाली की औरंगाबादला जायचं. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते नखांतलं ग्रीस काडीनं काढत बसले होते. त्यांचं वेगळं ठरलं होतं. त्यांच्या फोरमननं शब्द दिला होता: पोरगा अठरा वर्षांचा झाला की त्याला हेल्परचा विसा. अठरानंतर मला बापाच्या विसावर राहता येणार नव्हतं. एक तर काम, नाहीतर परत. बाबा मला एकदा कंपनीच्या पिकअपमधून सखीरला घेऊन गेले होते, विद्यापीठाच्या गच्चीवर, एसीच्या कामाला, काम कसं असतं ते बघायला. मी त्यांना पाने-पक्कड देत होतो आणि खाली बघत होतो. पुस्तकं छातीशी धरून पोरंपोरी एका दारातून दुसऱ्या दारात जात होती. इतक्या वरून आवाज येत नव्हता. बाबा म्हणाले, "पाह्य, असा एसी बसोला की पाच वर्सं पाहा लागत नाई." मी खालीच पाहत होतो. आता त्या सखीरला गाड्यांच्या शर्यती होतात म्हणे. मला सखीर म्हटलं की ती बिनआवाजाची माणसं आठवतात.

"इतिहास शिकून काय करशीन?" बाबांनी विचारलं. "आपल्या बापजाद्याइले इतिहासानं काय देल्लं?" तरी त्यांनी नाही म्हटलं नाही. म्हणाले, पाहू.

आता त्या शुक्रवाराकडे येतो. बहारीनमध्ये आमची जयंती कायम शुक्रवारी यायची. चौदा एप्रिल कुठल्याही वारी असो, सुट्टी शुक्रवारची, म्हणून बाबासाहेबांचा जन्मही शुक्रवारचा. आपल्या लोकांची दहा-बारा घरं होती. वानखडे काका सगळ्यांत जुने, एका ऑफिसात ड्राफ्ट्समन. त्यांच्या तुबलीच्या घरी सगळे जमायचे. माणसं जमवायला तिकडे परवानगी लागायची, म्हणून चपला बाहेर न ठेवता आत घेऊन पिशवीत ठेवायच्या, म्हणजे जिन्यात गर्दी दिसत नाही. वंदना हळू आवाजात. भाषणं पोरांनी करायची, आणि टाळ्या दोन बोटांनी तळहातावर वाजवायच्या. पावसाचे चार थेंब पत्र्यावर पडावेत तेवढाच आवाज. भाषण झालं की थोरल्यांपैकी एकानं प्रश्न विचारायचा, पोरानं उत्तर द्यायचं, मग पेन बक्षीस. प्रश्न नेहमी सोपा असायचा. पोराला उत्तर येतं हे सगळ्यांना माहीत असायचं. तीच तर गंमत.

त्या वर्षी मी नुकताच बारावीत गेलो होतो, आणि माझ्या नावावर बोललो. नाटककारापासून सुरुवात केली, राजाशी आलो, पाखंडीही सांगितला. बोटांच्या टाळ्या पडत होत्या. बाबा कोपऱ्यात बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. औरंगाबादच्या कॉलेजला बाबासाहेबांनी हेच नाव दिलं असं मी म्हणालो तेव्हा त्यांनी शेजारच्या माणसाच्या मांडीवर हलकेच चापट मारली. मग वानखडे काकांनी हसत, पेन हातात घेऊनच, विचारलं, "शाब्बास. आता सांग, राजा मिलिंद शेवटी कोण झाला?"

खोलीतलं सर्वांत लहान पोरगंसुद्धा ओठ हलवून उत्तर देत होतं.

मी म्हणालो, "काका, तो बौद्ध झाला असं आपली परंपरा सांगते. पण त्याच्या नाण्यांवर ग्रीक देवी आहे. नक्की काय झालं ते ठाम सांगता येत नाही."

एसी कुठे घरघरतोय ते तेव्हा ऐकू आलं. वानखडे काका हसतच होते, पण हसू तसंच राहून गेलं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "हे त्या चर्चवाल्या मास्तरचं डोकं दिसते." एक बाई आईला म्हणाल्या, "वहिनी, घरी काई शिकवता का नाई?" काकांनी पेन माझ्या हातात दिलं, पण टाळ्या पडल्या नाहीत. खीर आली. बाबांनी वाटी पुरी संपवली, उठले, सगळ्यांना जयभीम केला. मी चुकीचं बोललो असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. अजूनही वाटत नाही. मला विचारलं, मला जे माहीत होतं ते मी सांगितलं.

पिकअपमध्ये आई मधे, मी खिडकीशी. तुबलीची खाडी मागे पडली. मग बाबा रस्त्यावरची नजर न काढता बोलू लागले.

"मायं नाव कचरू. मायं नाव माया बापानं नाई ठेवलं, गावच्या मालकानं ठेवलं. बाप पाळण्यातल्या पोराले घिऊन पाया पडाले गेला, तर तो म्हने कचरू म्हना. झालं. इथच्या कार्डावरबी तेच हाय. तुया वक्ती म्या कोनाले इचारलं नाई. राजाचं नाव ठेवलं, आपल्यात आलेल्या राजाचं. आन तू चार लोकाइत उभा राहून म्हनतं, तो आला का नाई ठाव नाई." गाडी सिग्नलला थांबली. "खलास. बारावीची परीक्षा झाली का तुबलीचं वर्कशॉप. उद्या फोरमनले सांगतो."

आई म्हणाली, "अवो—"

"खलास म्हनलं ना."

त्यानंतर बाबा माझ्याशी बोलले नाहीत. रागानं थाळी आपटणं वगैरे काही नाही. नुसतं बोलणं बंद. काही सांगायचं झालं तर आईला सांगायचे, मी समोर बसलेला असताना: "त्याले म्हना पानी भर." इतरांच्या घरून निरोप येणं थांबलं. शाळेत तसंही कुणी नव्हतं. वर्गीस सरांना मी काही सांगितलं नाही. त्याचा दोष त्यांच्यावर यायला मला नको होता. मी पुन्हा काचेला कपाळ लावून बसायला लागलो, आणि पहिल्यापेक्षा वाईट होतं, कारण आता ती रांगही मागे उभी वाटत नव्हती. हसवणारा, राजा, पाखंडी, सगळे निघून गेले होते. संध्याकाळी चाचा जिन्यात भेटले. त्यांना काहीतरी कळलं असावं. म्हणाले, "काय धाकटे राजे, राज्य गेला काय?" मग त्यांनी पिशवीतला एक संत्रा काढून माझ्या हातावर ठेवला आणि दार लावून घेतलं.

एका रात्री जेवताना आईनं बाबांच्या ताटात वरण वाढलं आणि पळी तशीच हातात धरून विचारलं, "ऐकता का जी, तो मिलिंद राजा काय करे?"

"काय करे म्हंजे? भंतेजीले प्रश्न इचारे."

"साधे का अवघड?"

"अवघडच. म्हनून तं नाव झालं त्याचं."

"मंग हा इचारते तं काहून चिडता? नाव ठेवाच्या वक्ती इचार नाई केला?" एवढं बोलून ती आत गेली. आई पाचवी शिकलेली. बाबांनी भात कालवला आणि बराच वेळ नुसता कालवतच राहिले.

पुढच्या शुक्रवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. माझ्याशी, सरळ, बोलले. "ते नाने-बिने जिथं ठेवतात, म्युझियम, ते कुठसाक हाय?" मी म्हटलं, तिथे मिलिंदाचं नाणं नाही, पण ग्रीकांच्या काळातलं काय काय आहे, सरांनी वर्गाला एकदा नेलं होतं. "चाल." सिकंदरचाचा जिन्यातच होते. त्यांना कळलं तसे तेही चपला घालून गाडीत बसले. "माझी माणसा बघायला मी नको?"

म्युझियममध्ये शिरल्यावर बाबांनी आधी छताकडे पाहिलं, एसीची जाळी कुठे कुठे आहे ते. मग हात मागे बांधून काचेच्या एकेका पेटीपुढे थांबू लागले. चाचांना त्यांचं नाणं सापडलं, सिंहाचं कातडं डोक्यावर घेतलेला चेहरा. अलेक्झांडरच्या नाण्यांच्या धर्तीवर इथेच पाडलेलं, असं मी सांगितलं. चाचा वाकून वाकून बघत म्हणाले, "बघा कचरूभाऊ, इथं पण मीच आधी आलो. भाडा कोण घेत होता काय माहीत." बाबा हसले नाहीत. बोटानं काच न शिवता नाण्याकडे दाखवत मला विचारलं, "हे ग्रीकच हाय, हे कसं समजलं?"

"अक्षरांवरून. आणि चेहऱ्यावरून."

"अक्षर तुले वाचता येते?"

"नाही. सरांनी सांगितलं."

"आन मास्तरले कोनं सांगितलं?"

"पुस्तकात असतं. ज्यांनी नाणी बघितली, वाचली, त्यांनी लिहिलेलं."

"मिलिंदाच्या नान्यावर देवी हाय, हे तू पाह्यलं?"

"नाही."

"नाई पाह्यलं." बाबा माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता. वर्कशॉपमध्ये हेल्परला विचारतात तसे विचारत होते. "गिऱ्हाईक सांगते, कॉम्प्रेसर गेला. आपुन त्याच्या सांगन्यावर कॉम्प्रेसर बदलतो का उघडून पाह्यतो?"

"उघडून बघतो."

"मंग तू न उघडता कसा बोलला, वानखड्याच्या घरी?"

चाचा नाण्यावरून उठून सरळ उभे राहिले होते. मी मान खाली घातली नाही. म्हटलं, "बाबा, काकाही न उघडताच बोलले. सगळेच न उघडता बोलतात. मला ती अक्षरं वाचायला शिकायची आहेत, पाली शिकायची आहे. ते तुबलीत शिकता येत नाही. म्हणून तर कॉलेजला जायचं म्हणतोय."

बाबा पुन्हा पेटीकडे वळले. काचेत त्यांचा चेहरा दिसत होता, नाण्याच्या बाजूला. शाळेच्या पोरांचा एक घोळका अरबीत कलकलत मागून गेला, मग दालन पुन्हा रिकामं झालं.

"आन उघडून पाह्यल्यावर तो आपला नाईच निंगाला तं?"

"तर तसं सांगीन."

"आन निंगाला तं?"

"तर तसं सांगीन."

चाचांनी एकदा खाकरून पाहिलं. शेवटी बाबांनी विचारलं, "कितीक वर्सं लागतात?"

"तीन."

"फोरमनले म्या सांगतो," बाबा म्हणाले, आणि दाराकडे चालायला लागले. "यल्ला, चाल."

बारावीनंतर मी एकटा औरंगाबादला गेलो. खोलीवर पहिल्या वर्षी कुणाशी फार बोलणं झालं नाही, पण त्या एकटेपणाला काम होतं. पाली शिकलो, ब्राह्मी आणि खरोष्ठी शिकलो, ग्रीक लिपी स्वतःची स्वतः बसवली. राजा मिलिंदाची नाणी पाहिली; देवी आहे. एका प्रकारावर चक्रही आहे, आणि त्याचा अर्थ काय लावायचा यावर विद्वान अजून भांडतात. बाबांना मी हे फोनवर दोन्ही बाजूंनी सांगितलं, आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

तीन वर्षांनी मी इतिहास घेऊन बी.ए. झालो. दुसरा वर्ग. आमच्या कुळात त्याआधी कुणी पदवीधर झालेला नव्हता.